मघाचं परत करा

आमच्या सोलापुरात टीव्ही यायच्या आधी टीव्हीचा वार्ताहर आला. हे सांगितलं की परगावचे लोक हसतात, पण घडलं तसंच. मुंबईला केंद्र सुरू झालं, पुढं पुण्याच्या लोकांनाही घरात चित्र दिसायला लागलं, आणि सोलापुरात मात्र गच्चीवर कितीही उंच काठी बांधा, काही दिसायचं नाही. काठी बांधून बघणारे दोघं-तिघं होते. त्यातल्या एकाच्या काठीवर रोज एक घार येऊन बसायची, तेवढीच त्याला करमणूक. अशा गावात या गृहस्थांची नेमणूक झाली होती. जिल्ह्यात जे काही घडेल ते सिनेमासारख्या फिल्मवर टिपायचं, डब्यात घालायचं आणि गाडीनं मुंबईला धाडायचं. मुंबईचे लोक ती फिल्म धुणार, कापणार आणि संध्याकाळच्या बातम्यांत दाखवणार. म्हणजे सोलापूरची बातमी सोलापूरकर सोडून बाकी सगळे बघणार.

मूळचे ते माळशिरसकडचे. सोलापुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वार्ताहरकी त्यातूनच अंगाला चिकटली होती. स्टुडिओच्या पाटीखाली त्यांनी दुसरी पाटी लावली, ‘येथून टीव्हीच्या बातम्या मुंबईस जातात’. लोक त्यांना नावानं हाक मारायचे थांबले. ‘अहो टीव्ही, या चहाला,’ म्हणायचे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली टीव्हीवहिनी म्हणायची आणि त्या माउलीनं उभ्या जन्मात टीव्ही बघितलेला नव्हता. त्यांनी स्वतःही तो एकदाच बघितला होता, मुंबईच्या ऑफिसात कॅमेरा ताब्यात घ्यायला गेले तेव्हा. त्या वेळी त्यावर शेतकीचा कार्यक्रम चालू होता, असं ते जरा नाराजीनं सांगत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती डब्यांमुळं. मी स्टेशनवर पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. माझ्याविषयी एकच गोष्ट सांगून ठेवतो. वजनाच्या बाबतीत मी खवट माणूस. चादरीचा गठ्ठा असो, डाळिंबाची पेटी असो नाहीतर कुणाच्या जावयाचा आंब्याचा करंडा असो, काट्यावर चढवल्याशिवाय मी रजिस्टरात आकडा लिहायचो नाही. लोक चिडायचे. मी चिडू द्यायचो. टीव्ही पहिल्यांदा डबा घेऊन आले तेव्हा म्हणाले, “बातमी आहे, जरा लवकर करा.” मी म्हटलं, “बातमीलाही वजन असतं, ठेवा काट्यावर.” त्या दिवसापासून आमची दोस्ती. त्यांनी माझं नाव ‘पार्सल’ ठेवलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला कधी अरे-तुरे केलं नाही. ‘अहो पार्सल’ म्हणायचे, आणि ते अहो ऐकून मला उगीच बरं वाटायचं.

त्यांना मुंबईहून महिन्याला दोन रिळं मिळायची. एक रीळ जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. त्यामुळं त्यांना सगळं जग सेकंदात दिसायचं. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली की दोन घास खाऊन म्हणायचे, “चांगलंय, बारा सेकंद.” पुरणपोळीला एकदा वीस दिले होते. माझ्या साहेबांच्या निरोपाच्या भाषणात ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “यातले चार सेकंद घेण्यासारखे आहेत, पण ते अजून आलेले नाहीत.”

सोलापूरचा उन्हाळा रिळांना सोसत नाही म्हणून ती रिळं ते माठाच्या तिवईवर ठेवायचे, ओल्या चादरीत गुंडाळून. वहिनी चादर वाळली का ते तासातासाला बघायच्या. “पोरांना तापात एवढं बघितलं नाही ह्यांनी,” असं त्या मला सांगायच्या, आणि सांगतासांगता चादरीवर तांब्यानं पाणी शिंपडायच्या.

आता त्यांची खोड. हे गृहस्थ कुठंही वेळेवर पोचत नसत. त्यांची स्कूटर सुरू व्हायलाच बातमीपेक्षा जास्त वेळ घ्यायची. ते पोचायचे तेव्हा फीत कापून झालेली असायची, नारळ फुटून वाटून झालेला असायचा, पाहुणे हात पुसत असायचे. हे घाम पुसत गर्दीतून वाट काढायचे, कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करायचे आणि म्हणायचे, “चला, मघाचं परत करा.” लोक करायचे. पुढं पुढं सोलापुरात फितीच दोन आणायला लागले, एक मुहूर्ताची आणि एक टीव्हीची. एका गोदामाला आग लागली. हे पोचले तेव्हा ती विझली होती. बंबवाल्यांना त्यांनी सवयीनं तेच सांगितलं. बंबावरचा म्हातारा म्हणाला, “करतो की. आग तेवढी तुमी आणा.”

सगळ्यात गाजली ती चोराची गोष्ट. एका पेठेत लोकांनी भुरटा चोर पकडला होता आणि पोलीस त्याला दोरी लावून नेत होते. टीव्ही तिथं पोचले. चोर पळतोय आणि हवालदार त्याला धरतोय असं त्यांना हवं होतं. हवालदार तयार झाला, कारण त्याची बहीण ठाण्याला राहायची आणि तिच्या शेजारी टीव्ही होता. चोरही तयार झाला. “पळू का नुस्ता चालू?” असं त्यानं विचारूनही घेतलं. दोरी सोडली. टीव्ही म्हणाले, “पळ.” तो पळाला. बोळाच्या तोंडापर्यंत पळाला, वळला, आणि पळतच राहिला. तो आजतागायत सापडलेला नाही. मुंबईला ते सगळं दाखवलं म्हणे, आणि ठाण्याच्या बहिणीनं भावाला पत्र टाकलं की तू पळताना छान दिसतोस.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकायची. महिन्याला हे तीस-तीस कार्यक्रमांना कॅमेरा फिरवताना दिसायचे आणि माझ्या रजिस्टरात डबे दोनच. एके दिवशी मी सरळ विचारलं. त्यांनी पार्सल ऑफिसचं दार लोटून घेतलं.

“रिकामा असतो,” ते म्हणाले.

“काय?”

“कॅमेरा. चावी देतो, घरघर चालतो. आत काही नसतं.”

मी सर्दच झालो. म्हणजे महापालिकेतले, बँकेतले, बाजार समितीतले, सगळे मोठमोठे लोक पोट आत घेऊन, टोपी सरळ करून, रिकाम्या डबड्यापुढं उभे राहत होते. मुंबईच्या नातेवाइकांनी कळवलं की दिसला नाहीत, तर यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं, “मुंबईत कापतात हो.” मुंबईत कात्री घेऊन बसलेला तो न बघितलेला माणूस सोलापुरात भलताच बदनाम झाला होता.

“ही फसवणूक आहे,” मी म्हटलं. वजनाच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

“कुणाचं काय गेलं?” ते म्हणाले. “मी यांना नाही म्हणालो तर उद्या मुंबईला तक्रार करतील. ज्यांच्यावर फिल्म घालावी ते मला कधी बोलावत नाहीत, पार्सल. त्यांच्यासाठी राखून ठेवतो.”

आणि ते खरं होतं. दुष्काळाच्या वर्षी खडी फोडणाऱ्या बायका त्यांनी आख्ख्या रिळात घेतल्या, बघायला आलेल्या एकाही साहेबाला त्यात येऊ दिलं नाही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून एक जुनं इंजिन कायमचं बाहेर काढलं तेव्हा कामगार त्याच्या अंगावरून फडकं फिरवत होते. ते टिपून आल्यावर डबा माझ्या हातात देताना म्हणाले, “जपून पाठवा. ह्यात माणसं आहेत.” असं ते बोलले की मला त्यांच्या बाकीच्या थापा माफ कराव्याशा वाटायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. तिथं कांड्या भरणाऱ्या, म्हणजे मागाच्या धोट्यासाठी लहान नळ्यांवर सूत भरून देणाऱ्या सात बायकांना मालकानं कामावरून काढलं. त्यांनी मागितलं काय होतं, तर कामाच्या शेडमध्ये पिण्याच्या पाण्याचा माठ. मे महिना, वर पत्रा, आणि पाणी प्यायला फाटकाबाहेर जायचं, त्याचाही वेळ धरला जायचा. मालक म्हणाला, माठ ठेवला की बायका माठापाशीच बसतात. बायकांनी पुन्हा विचारलं, तर त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांतली थोरली अंबक्का. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. ती फाटकासमोर उपोषणाला बसली. बाकीच्या सहाजणी तिच्या भोवती बसल्या. सगळ्यांच्या घरी चूल त्यांच्याच कमाईवर पेटायची.

पाचव्या दिवशी मालकाला वाटलं की आता हे मिटवावं, आणि मिटवायचंच आहे तर टीव्हीवर मिटवावं. त्यानं टीव्हींना सकाळी अकराचं बोलावणं धाडलं. माझी ड्यूटी दुपारनंतर होती म्हणून मीही स्कूटरवर मागं बसलो. त्या महिन्याचं दुसरं रीळ दोनच दिवसांपूर्वी मी माझ्या हातानं मुंबईला बुक केलेलं होतं. म्हणजे कॅमेऱ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.

आम्ही पोचलो पावणेबाराला. मिटून गेलं होतं. मालकानं ‘विचार करू’ म्हटलं होतं आणि अंबक्काच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला दिला होता. तिनं दोन घोट घेतलेही होते. बायकांच्या तोंडावर आनंद दिसत नव्हता. ‘विचार करू’ म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. पाच दिवस उपाशी बसलेली बाई आणखी किती बसणार, एवढंच तिथं ठरलं होतं.

टीव्हींनी घाम पुसला, तिकाटणं उभं केलं. “मघाचं परत करा.”

मालकानं केस विंचरले. अंबक्काकडून पेला परत घेतला गेला. टीव्हींनी कॅमेऱ्याला चावी दिली, डोळा लावला, आणि मान हलवून बाजूला झाले.

“नाही जमत, साहेब.”

“काय झालं?”

“तुम्ही ‘विचार करू’ म्हणता ते दिसत नाही. ह्यात आवाज येत नाही. मुंबईला लोकांना काय दिसणार? एक माणूस एका बाईला रस देतोय. वाटेल रसवंतीचा मालक आहे.”

शेजारी उभा असलेला मॅनेजर हसला आणि मालकानं त्याच्याकडं बघितल्यावर थांबला.

“मग काय करायचं म्हणता?” मालकानं विचारलं.

“बोललेलं दिसत नाही, केलेलं दिसतं. फाटक उघडा. तुम्ही पुढं, ह्या सातजणी मागं. चांगलं दिसेल. रस शेवटी घेऊ.”

मी टीव्हींच्या तोंडाकडं बघितलं. ते रोजच्यासारखंच होतं, थोडं कंटाळलेलं, थोडं घाईतलं. ते काय करत होते हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं का, हे मी पुढं अनेकदा विचारलं. त्यांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही.

मालक घुटमळला. त्यानं एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याच्या काचेकडं. काच जिंकली. फाटक उघडलं. मालक पुढं आणि सातजणी मागं अशी ती वरात आत गेली, आणि टीव्ही उलटे चालत त्यांच्यापुढं कॅमेरा फिरवत गेले. शेडमध्ये गेल्यावर म्हणाले, “आता बायका आपापल्या जागेवर. साहेब, बटण तुम्ही दाबा.” मालकानं बटण दाबलं. कांडीमशिन सुरू झालं. मग टीव्हींनी शेडभर नजर फिरवली आणि विचारलं, “माठ कुठं आहे?”

“कसला माठ?”

“भांडण माठाचं ना? मग माठ चित्रात नको? मुंबईचे लोक विचारतील.”

मालकाच्या स्वतःच्या केबिनमधला माठ, तिवईसकट, दोघांनी उचलून आणला आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवला. मालकानं त्यातून पेला भरून एका बाईला दिला. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. मग रस. अंबक्कानं पेला हातात घेतला, कॅमेऱ्याकडं एकदा बघितलं, आणि उरलेला रस एका दमात संपवला.

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात मालक म्हणाला, “आजच्याच गाडीनं गेली पाहिजे ही फिल्म. आमचा मॅनेजर येईल जीपमधून तुमच्याबरोबर. गाडीत चढवूनच परत येईल.”

टीव्हींचा चेहरा पहिल्यांदा जरासा उतरला.

संध्याकाळी मुंबईची मेल लागायच्या आधी ते माझ्या खिडकीशी आले. मागं मॅनेजर हाताची घडी घालून उभा. पिशवी शिवलेली, लाखेचं सील नीट, वर ‘तातडीचे’ असं लिहिलेलं. मी ती हातात घेतली आणि मला कळलं. त्यांच्या डब्याचं वजन माझ्या हाताला पाठ होतं. आत काहीच नव्हतं. नुसता पत्र्याचा डबा होता.

“नेहमीचंच आहे, पार्सल,” ते म्हणाले.

मी काट्याकडं बघितलं. मग मॅनेजरकडं बघितलं. डबा हलका आहे हे याला कळलं, तर अर्ध्या तासात मालकाला कळणार आणि उद्या सकाळी त्या सातजणी परत फाटकाबाहेर. पिशवी काट्यावर न ठेवता मी रजिस्टरात नेहमीचा आकडा लिहिला. माझ्या नोकरीतली ती पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र फार सुंदर आलं.

सातजणी कामाला लागल्या. मालक आल्या-गेल्याला सांगायला लागला की आमचा कारखाना मुंबईला टीव्हीवर गेला. दादरच्या मेव्हणीनं दिसलं नाही म्हणून कळवलं, तर तोच तिला उलट सांगू लागला की मुंबईत कापतात. एकदा टीव्हीवर गेलेल्या बायकांना काढणार कसं, आणि माठ उचलणार कसा. इथपर्यंत सगळं झकास होतं.

पंधरा दिवसांनी मला नोटीस आली. मुंबई केंद्रानं रेल्वेकडं तक्रार केली होती. सीलबंद पिशवीत रिकामा डबा मिळाला, सोलापूरच्या रजिस्टरात वजन पुरं आहे, त्या अर्थी वाटेत फिल्म चोरीस गेली, तरी चौकशी व्हावी. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. चोरी झाली नाही हे मला ठाऊक होतं. पण ते सिद्ध करायचं तर मी खोटं वजन लिहिलं हे कबूल करायचं, आणि का लिहिलं हेही सांगायचं. न सांगावं तर चोर ठरायचं. माझ्या घरात तेव्हा दोन लहान मुली आणि आजारी आई होती. 

मी टीव्हींकडं गेलो. ते माठाच्या तिवईवर चादर ओली करत होते. नोटीस वाचून त्यांनी घडी घालून मला परत दिली. “इन्स्पेक्टर कधी येणार?”

“उद्या. काय सांगू मी?”

“तुम्ही काही सांगू नका. तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, घोटाळा कराल.”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर रजिस्टर उघडून बसला होता आणि मी घामानं भिजलो होतो, तेव्हा हे आले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “साहेब, चोरीबिरी काही नाही. डब्यात फिल्म घालायला मीच विसरलो.”

“मग हे वजन?” इन्स्पेक्टरनं बोट ठेवलं.

टीव्ही हसले. “हा माणूस वजन करतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी डबा दाखवायचा, यानं मागचं वजन उतरवायचं. वर्षानुवर्षं असंच चाललंय. काट्याला हात लावायचा कंटाळा हो याला.”

माझ्या अंगाची आग झाली. मी तोंड उघडलं. टेबलाखालून त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, आणि तो असा दिला की मी तोंड मिटलं.

“खरं आहे का हे?” इन्स्पेक्टरनं मला विचारलं.

उभ्या सोलापुरात काट्याशिवाय आकडा न लिहिणारा मी एकटा, आणि मी मान खाली घालून म्हणालो, “हो साहेब. कंटाळा करतो मी.”

टीव्हींनी तिथंच कागद मागून घेऊन सगळं लिहून दिलं, खाली सही केली. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा पडला की हा कर्मचारी कामात निष्काळजी आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतला तेवढा एकच शेरा. त्यावर मी अपील केलं नाही. मुंबईच्या केंद्रानं त्यांना कळवलं की रिकामा डबा पाठवणारा वार्ताहर आम्हाला नको, यापुढं रिळं येणार नाहीत. कॅमेरा मात्र त्यांना स्वतःकडं ठेवता आला, कारण केंद्राचा जुना परत करून मधल्या काळात त्यांनी स्वतःचा घेतला होता.

मला वाटलं, आता हे स्टुडिओत बसून लग्नाचे फोटो काढतील. चार दिवसांनी बघतो तो बाजार समितीच्या कार्यक्रमात हे गृहस्थ हजर, उशिरा, घामाघूम, तिकाटणं उभं करताहेत. मी त्यांना बाजूला ओढलं. “आता कशासाठी?”

“मी दिसायचा थांबलो तर तो मालक विचारेल, टीव्ही कुठं गेले? कुणीतरी सांगेल, काढलं. का काढलं? रिकामा डबा पाठवला. कुठला डबा? पुढचं तुम्हीच बघा.”

“असं किती दिवस करणार?”

“त्या बायका पक्क्या होईपर्यंत. नाहीतर तो मालक मरेपर्यंत. त्याची तब्येत चांगली आहे, हीच पंचाईत आहे.”

आणि खरंच, चार वर्षं हा माणूस सोलापुरातल्या प्रत्येक फितीला, प्रत्येक नारळाला हजर राहिला. माठाच्या तिवईवर वहिनी रिकामा डबा ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायच्या, कुणी घरी आलं तर दिसावा म्हणून. लोकांना हसवणं चालूच होतं, सेकंद मोजणंही चालू होतं. पण एकदा आम्ही दोघं भाजी घेऊन येताना रस्त्यात एक आंधळा म्हातारा आपल्या नातवाला सायकल शिकवत होता, मागं सीट धरून, पोरगं सांगेल तिकडं पळत. टीव्ही थांबले. “चाळीस सेकंद,” म्हणाले. चाळीस त्यांनी कधी कशालाच दिले नव्हते. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागले. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांना ते आवडणार नाही म्हणून मी गवारीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

त्यानंतर काही महिन्यांनी प्लॅटफॉर्मवर कुणी मंत्री उतरणार होते. हारतुरे, बँड, सगळी धांदल. टीव्ही मंत्री उतरून गेल्यावर पोचले आणि स्टेशनमास्तरांना पुन्हा हार घालायला लावत होते. माझ्या खिडकीजवळच्या बाकावर अंबक्का बसली होती. लेकीला कुर्डुवाडीच्या गाडीत बसवून द्यायला आली होती. आता ती कारखान्यात पक्की झाली होती, बाकीच्या सहाजणीही. मला तिनं ओळखलं, कारण त्या दिवशी मी स्कूटरवरून आलो होतो. तिकडं कॅमेरा घरघरत होता. ती ऐकत होती.

“अजून रिकामाच फिरवत्यात व्हय?” ती म्हणाली.

माझ्या हातातला टाक थांबला. “काय रिकामं?”

“त्यो डबा. आत काय न्हाय की त्याच्या.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला लागतंय? नवं माग बसवलं तवा आले हुते की साहेब. तवा आमच्याम्होरंच रीळ भरलं हुतं. भरल्याला माग येगळा वाजतो, रिकामा येगळा वाजतो. आमी जलमभर त्येच ऐकतोय.” तिनं पदरानं मान पुसली. “त्या दिशी फाटकात चालू केला तवाच आमाला सातीजणींना कळालं.”

मी टाक खाली ठेवला. “आणि मालकाला?”

“त्येला काय कळतंय? मागापाशी कदी उबा ऱ्हायलाय का त्यो?”

मी उठलो. चार वर्षं हा माणूस ज्यांच्यासाठी हे सोंग करत होता त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला हे आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना सांगायचं होतं. बायका पक्क्या झाल्या आहेत, आता पुरे झालं, घरी चला, असं म्हणायचं होतं. अंबक्कानं माझ्या तोंडावरून ते ओळखलं असावं.

“नगा सांगू बाबा त्यास्नी,” ती म्हणाली. “लई मन लावून करत्यात.”

तेवढ्यात टीव्हीच आले, कपाळावरून घाम निथळतोय, कॅमेरा खांद्याला. अंबक्काला बघून क्षणभर गडबडले, मग नेहमीच्या ऐटीत म्हणाले, “काय बाई, बघितलं का? उद्या संध्याकाळी हे मुंबईला दिसणार.”

अंबक्का उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांना हात जोडले.

“ब्येस झालं साहेब,” ती म्हणाली. “लई ब्येस झालं.”

मी खिडकी बंद करून घेतली. बाहेर हमाल ओरडत होता की बाबू, गठ्ठे आलेत, वजन करा. मला रडू आवरत नव्हतं, आणि काट्यावरचा आकडा काही केल्या दिसत नव्हता.